बिजागरी नसलेली

सालमेचे दात पेल्यात असतात,
खिडकीच्या फळीवर, जेरेनियमच्या कुंडीशेजारी.
दार वाजलं की आधी ती ते लावते,
मग "ये" म्हणते.

मी संग्रहालयातून आलेय.
पिशवीत डबी, डबीत कापूस, कापसात
मार्दूच्या वाळूखडकातून सुटलेली
एक काळी, चकाकती चकती. नखाएवढी.
"ओळखता का हिला?"
"हिला? एकतीस वर्षं खोऱ्याने लोटलंय मी हिला."

ओबोलस. एका किरकोळ ग्रीक नाण्यावरून पडलेलं नाव.
मी सांगते, ते नाणं मेलेल्याच्या तोंडात ठेवायचे,
पलीकडे नेणाऱ्या नावाड्यासाठी.
सालमे म्हणते, आम्हाला पगार रूबलात,
आणि नावाडी कुठला, बस होती. पहाटे पाचची.

भिंग तिच्या हातात देते.
बघा, या वाढीच्या रेषा, वलयात वलय.
ही आतली बाजू: हे डाग म्हणजे स्नायूंचे वण.
चोचीखालची ही पन्हळ,
इथून मांसाचा एक देठ बाहेर पडायचा
आणि वाळूला धरून राहायचा,
ही सगळी जमीन दक्षिण गोलार्धात,
थंड, उथळ पाण्याखाली होती तेव्हा.
झडपेची डावी बाजू उजवीसारखी, हुबेहूब.
पण वरची झडप खालचीसारखी नसते.
"नसायचीच," सालमे म्हणते.

"आणि दात?"

दात नाहीत. दाताला खाच नाही. बिजागरीच नाही.
दोन झडपा नुसत्या स्नायूंनी धरलेल्या,
जीव आहे तोवर.
जीव गेला की पकड सैल,
लाट एकीला इकडे नेणार, दुसरीला तिकडे.
म्हणून तुमचा तो अख्खा थर
सुट्या झडपांचा आहे.
कड्यावर, वरच्या चुनखडकात, ह्यांचे चुलते सापडतात:
दात खाचेत घट्ट, मेल्यावरही मिटलेले.
शाळेच्या सहलींना तेच आवडतात.
अक्रोडासारखे मुठीत बसतात.

गंमत म्हणजे, मी म्हणते, ही बिनदाताची,
पण घडलीय दाताच्याच द्रव्याची.
सालमे जीभ हिरडीवरून फिरवते.
"माझे प्लास्टिकचे आहेत."

मग खूप वेळ ती बाहेर बघते.
तिकडे ढिगारे होते, काळ्या पाटीच्या दगडाचे,
आपोआप पेटायचे. बर्फ पडला तरी
मधून मधून धूर, जणू आत कोणी
स्वयंपाक करतंय.
एव्हाल्ड एक्स्कॅव्हेटरवर, ती चाळणीवर.
झडपा दळल्या, आम्लात घातल्या, पोत्यात भरल्या,
पोती गेली बटाट्याच्या शेतांवर,
बटाटे आले ह्याच टेबलावर.
"म्हणजे माझ्या मांडीच्या हाडात
तुझं ते समुद्रातलं थोडं असेल."
असेल, मी म्हणते.
"एव्हाल्डच्याही."
कुंडीतलं एक वाळलेलं पान ती खुडते.

सत्त्याऐंशीत पोरं पिवळे शर्ट घालून
रस्त्यावर आली: फॉस्फोराइट नको.
त्यांत तिची हेल्गी.
त्या उन्हाळ्यात मायलेकी एकाच स्वयंपाकघरात
एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत.
"बरोबर होती ती. पण शर्ट कोणी धुतला, विचार."

निघताना मी डबी मिटते.
सालमे म्हणते, थांब. एकदा सापडली होती मला.
मिटलेली. दोन्ही झडपा.
चाळणीवर, जानेवारीत, रात्रपाळीला.
हातमोजा काढून उचलली.
"मग?"
नखाने उघडून पाहिली.
"आत?"
वाळू.
"मग काय केलंत?"

काय करणार. पट्टा चालू होता.